बाणाचे पाते : लोखंड, पाणी आणि धार

बाणाची काडी बांबूची किंवा बोरूची, पिसे मोराची किंवा गिधाडाची. जंगलात राहणाऱ्याला या दोन्ही वस्तू पायाखालीच मिळतात. तिसरा भाग मात्र तसा मिळत नाही. टोकाचे पाते लोखंडाचे असते आणि त्यासाठी भट्टी, कोळसा, घण आणि ते चालवणारा माणूस लागतो. म्हणूनच तिरंदाजीचा इतिहास बराचसा पात्याचा इतिहास आहे, आणि पात्याचा इतिहास लोखंड कोठून येत होते आणि कोण घडवत होते याचा.

धारेच्या इतर अवजारांपेक्षा हे पाते एका बाबतीत वेगळे आहे. विळा, कुऱ्हाड, तलवार काम संपल्यावर हातातच राहतात. बाण हातातून सुटतो आणि पुष्कळदा परत येत नाही. झुडपात हरवतो, दगडावर आपटतो, जखमी जनावर तो अंगातच घेऊन पळते. त्यामुळे त्यावर फार मोलाचे पोलाद खर्चता येत नाही आणि हलके लोखंडही चालत नाही, कारण हाडावर आदळताच टोक वळले तर जनावर तडफडत राहते आणि शिकारी उपाशी. गमावायला परवडेल इतके स्वस्त आणि पहिल्याच आघातात फसणार नाही इतके पक्के, अशा दोन टोकांमध्ये पाते घडवणाऱ्याला वाट काढावी लागे. महाराष्ट्रात ती वाट अनेकांनी, वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या लोखंडातून काढली आहे.

लोखंडाच्या आधी दगड होता. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे बारा हंगाम उत्खनन केले. तेथील लोकांकडे तांबे होते, पण थोडे. रोजच्या कापाकापीसाठी ते कॅल्सिडनी या गारगोटीच्या जातीच्या दगडाची बोटाएवढी पाती काढत. हा दगड दख्खनच्या काळ्या पाषाणात जागोजागी मिळतो आणि त्याची ताजी कड लोखंडापेक्षाही तीक्ष्ण असते. दोष एकच : ती ठिसूळ असते आणि एकदा टवका उडाला की पुन्हा लावता येत नाही. दगडी पाते वापरायचे आणि टाकून द्यायचे. लोखंडाने ही रीत बदलली. बोथटलेले पाते घासून पुन्हा धारेवर आणता येऊ लागले, वाकलेले तापवून सरळ करता येऊ लागले.

हा बदल विदर्भात फार स्पष्ट दिसतो. नागपूरच्या आसपास जुनापाणी, टाकळघाट-खापा, महूरझरी, नैकुंड येथे दगडांची मोठी वर्तुळे आहेत आणि त्यांच्याखाली पुरलेल्या माणसांबरोबर लोखंडी वस्तू ठेवलेल्या आहेत. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, भाल्यांची व बाणांची अग्रे, घोड्याच्या तोंडातल्या कड्या असा तो ठेवा आहे. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा आणि महूरझरी येथे उत्खनन केले. पुढे त्यांनी आणि अ. प्र. जामखेडकर यांनी पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच शोधून काढली. भाजलेल्या मातीच्या विटांची, गोल घडणीची आणि फुंकनळ्या असलेली ही भट्टी सुमारे इ. स. पू. ७०० ची आहे. महूरझरीच्या एका छिन्नीचे धातुपरीक्षण झाले तेव्हा ती पोलादाची निघाली. म्हणजे तापलेल्या लोखंडात कोळशातला कार्बन मुरवून त्याला कठीण करण्याची विद्या त्या भागात अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. मृताच्या उशाशी बाणाचे पाते ठेवणाऱ्या लोकांना त्याची किंमत चांगलीच ठाऊक असली पाहिजे.

या विद्येचा मराठी भाषेवर उमटलेला ठसा पाहण्यासारखा आहे. लोहाराची चामड्याची हवा फुंकणारी पिशवी म्हणजे भाता आणि बाण ठेवण्याची पाठीवरची पिशवी म्हणजेही भाता. संस्कृतात चामड्याच्या पिशवीला आणि फुंकणीला भस्त्रा म्हणतात. मराठीने लोखंड तापवणारी आणि लोखंडाची टोके बाळगणारी, दोन्ही पिशव्या एकाच नावाने ओळखल्या. ‘भाला’ हा शब्दही ‘भल्ल’ या बाणाग्राच्या नावातून आलेला आहे. धारेच्या शस्त्राला ‘पाणी पाजणे’ किंवा ‘पाणी देणे’ हे शब्दप्रयोग आजही लोहाराच्या तोंडी आहेत आणि तेथूनच माणसालाही ‘पाणीदार’ म्हणण्याची चाल पडली.

पाणी पाजण्याचा विचार संस्कृत ग्रंथांत बारकाईने केलेला आढळतो. सुश्रुतसंहितेत शस्त्रांचे ‘पायन’ तीन प्रकारचे सांगितले आहे : क्षारात, पाण्यात आणि तेलात. शरीरात रुतलेला बाण किंवा हाड कापण्याची शस्त्रे क्षारात, मांस कापण्याची पाण्यात आणि शीर वेधण्याची तेलात पाजावीत असा तो भेद आहे. तापलेले पोलाद ज्या द्रवात बुडवावे त्याप्रमाणे ते लवकर किंवा सावकाश निवते, आणि त्यावरच ते कडक होते की चिवट राहते हे ठरते. हे तत्त्व त्या विभागणीच्या मुळाशी आहे. चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धतीत धनुर्विद्येचा स्वतंत्र भाग आहे. त्यात बाणाच्या पात्यावर पिंपळी, सैंधव वगैरेंचा लेप देऊन ते मोराच्या मानेसारखा रंग येईपर्यंत तापवावे असे सांगितले आहे. पोलाद तापवत नेले की त्याच्या पृष्ठभागावर आधी पिवळट, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. निळ्या अवस्थेत त्याचा कडकपणा थोडा उतरलेला असतो आणि चिवटपणा वाढलेला. मोराच्या मानेची ही खूण ज्याने प्रथम दिली त्याने भट्टीसमोर बसून, डोळ्यांवर झळा सोसत तो रंग पाहिलेला होता.

याच परंपरेत बाणाग्रांच्या दहा आकारांची नावे येतात : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक, काकतुंड. नावांतच आकार आहेत. सूचीमुख सुईच्या टोकाचे, ते कवचासाठी. आरामुख चांभाराच्या आरीसारखे, ते ढालीच्या कातड्यासाठी. अर्धचंद्र मस्तकासाठी आणि रुंद पानाचे भल्ल हृदयासाठी. ही यादी काव्यात शोभणारी असली तरी तिच्या मागचे तत्त्व रोकडे आहे. कठीण आवरण भेदायचे असेल तर सगळा जोर एका बिंदूवर यावा लागतो, म्हणून टोक अरुंद हवे. उघड्या मांसात मात्र अरुंद टोकाचे छिद्र मिटून जाते. तेथे रुंद आणि दोन्ही बाजूंनी धारदार पानच हवे, कारण बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तवाहिन्या कापून मारतो. मध्ययुगीन इंग्लंडच्या धनुर्धाऱ्यांनीही चिलखतासाठी सुळ्यासारखी आणि शिकारीसाठी व घोड्यांसाठी पसरट, अशी दोन वेगळी टोके ठेवली होती.

रुंदीला मात्र मर्यादा आहे आणि ती वाऱ्याने घातलेली आहे. पान रुंद झाले की तेच पुढच्या पिसांसारखे काम करू लागते आणि बाणाला आपल्या मर्जीने वळवते. मग मागची पिसे मोठी लावावी लागतात, बाण जड होतो, पल्ला घटतो. अमेरिकेत विसाव्या शतकात जुन्या पद्धतीच्या धनुष्याने शिकार करण्याची आवड पुन्हा रुजली तेव्हा हाच प्रश्न नव्याने सोडवला गेला. सॅक्सटन पोप यांचे शिकारी तिरंदाजीवरचे पुस्तक १९२३ मध्ये आले. शिकारी तिरंदाज हॉवर्ड हिल यांनी रुंदीच्या तिप्पट लांबी असलेले दोन धारांचे पाते आग्रहाने पुरस्कारले. अशी निमुळती चढण हाडावरही सरकत पुढे जाते, आखूड व पसरट पाते तेथे अडून बसते. धारेचा कोन फार बारीक ठेवला तर पहिल्या हाडालाच ती दुमडते, फार जाड ठेवला तर कापत नाही, फाडते. आज तेथील बरी पाती रॉकवेल सी मापनावर साधारण ५० ते ५५ इतकी कठीण असतात. याहून कठीण केली तर टवका उडतो, मऊ ठेवली तर कानशीने लावलेली धार एका बाणातच जाते. शार्ङ्गधराच्या मोराच्या मानेचे आणि या आकड्यांचे काम एकच आहे.

महाराष्ट्राच्या मध्ययुगात तिरंदाजीचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. एक दरबारी, घोडदळाचा. मोगल स्वार शिंग, लाकूड आणि स्नायू एकत्र चिकटवून केलेली आखूड, ताकदवान कमान वापरत आणि दोरी अंगठ्यातल्या कड्याने ओढत. हे सैन्य पुण्याच्या अगदी मध्यावर येऊन राहिले आहे. १७०३ मध्ये औरंगजेबाची छावणी येथे होती. त्या मुक्कामात कामबक्षाचा मुलगा मुहीउल्मिलत वारला आणि त्याच्या नावाने वसवलेली मुहियाबाद पेठ पुढे पेशवाईत बुधवार पेठ झाली. आजच्या या गजबजलेल्या वस्तीचा पायाच अशा छावणीत घातला गेला, जिथे कमानी आणि तीर हा रोजचा सरंजाम होता. पेशवाईत मात्र बंदूक पुढे सरसावली. त्या काळचे कागद वाचणाऱ्याने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मराठी दप्तरांत ‘बाण’ म्हणजे बहुधा दारू भरलेला अग्निबाण असतो, धनुष्याच्या बाणाला ‘तीर’ म्हणत. ‘बाणदार’ हा शब्द दिसताच त्याला धनुर्धारी समजणे ही सहज होणारी चूक आहे. पुण्याच्या दरबाराची शिकारही कमानीची राहिली नव्हती, सवाई माधवरावाच्या काळात पाळीव चित्ते हरणांवर सोडले जात. पुण्याच्या आसपास माळावर राहणारा फासेपारधीसुद्धा, नावाप्रमाणे, बाणापेक्षा फाशावर विसंबून होता.

दुसरा प्रवाह सातपुड्याचा आणि खानदेशचा. तो अधिक जुना आहे, जास्त टिकला आणि पात्याच्या अभ्यासाला खरी सामग्री तोच पुरवतो. भिल्ल हे नावच द्राविडी भाषांतल्या ‘बिल’ किंवा ‘विल’, म्हणजे धनुष्य, या शब्दाशी जोडले जाते. भिल्लाचा कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची. अख्ख्या शस्त्रात बाहेरून आणावे लागे ते फक्त पाते. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत भात्यातल्या बाणांचे प्रकार नीट सांगितले आहेत : सुरीसारखे चपटे करून धार लावलेले, खिळ्यासारखे गोल, आणि पाखरांसाठी गाठीसारखे बोथट टोक असलेले. पाखराला धारेचे पाते मारले तर ते आरपार जाते, पिसे आणि मांस दोन्ही वाया जातात. बोथट टोक त्याला नुसते खाली पाडते. माशांसाठीची रचना सर्वांत कल्पक होती. पाते काडीत सैल बसवलेले आणि दोरीने बांधलेले असे. मासा पात्यासह पळू लागला की काडी सुटून पाण्यावर तरंगे आणि मासा कोठे आहे ते दाखवी. राजाच्या शस्त्रागारातल्या दहा आकारांपेक्षा हे चार आकार अधिक विचाराने घडवलेले वाटतात, कारण त्यातल्या प्रत्येकावर घरातल्या चुलीचा भार होता. दोरी ओढताना अंगठा लावायचा नाही, तर्जनी आणि मधले बोटच वापरायचे, ही चाल भिल्ल एकलव्याच्या गुरुदक्षिणेशी जोडतात.

असे पाते गावच्या लोहाराकडे किंवा पाल टाकून फिरणाऱ्या घिसाड्याकडे घडे. लोखंडाची बोटभर सळई निखाऱ्यात लाल करायची. सांडशीत धरून तिचे एक टोक ऐरणीवर बारीक ओढायचे, हे काडीत शिरणारे शेपूट. मग दुसरे टोक तापवून चार-सहा घावांत पानासारखे चपटे करायचे, मधली शीर किंचित जाड ठेवायची, कारण तीच हाडावरचा धक्का सोसते. कडा कानशीने उतरवायच्या, पुन्हा मंद लाल करून पाण्यात बुडवायचे. शेवटी शेपूट तापवून काडीत दाबायचे की बांबूचा गाभा जळून ते घट्ट बसते, आणि फुटू नये म्हणून वरून ताताचा किंवा दोऱ्याचा वेढा. धार लावण्याचे काम मात्र मालकाचे. नदीतल्या चपट्या दगडावर पाणी टाकून तो दोन्ही बाजू सारख्या घासे आणि पाते अलगद नखावर टेकवून पाही. घसरले तर अजून घासायचे, नखाला धरले तर भात्यात ठेवायचे.

हे लोखंड कोठून येई? सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, धावड नावाचे लोक जांभ्या दगडातले खनिज कोळशाच्या भट्टीत गाळत. विदर्भात चांद्याकडे लोहारा, देवलगावच्या खाणी होत्या. नांदेडच्या पलीकडे, निजामाबादच्या बाजूला कोनसमुद्रमचे मुशीतले पोलाद इराणपर्यंत जाई, पण ते तलवारींसाठी. सुटून जाणाऱ्या बाणाला ते कोण वापरणार? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी भट्ट्या एकामागून एक विझल्या. विलायती लोखंड आगगाडीने स्वस्त येऊ लागले आणि जंगलखात्याच्या निर्बंधांनी कोळसा तोडला. भट्टी विझली तरी लोहार राहिला आणि विलायती पट्टीतूनही पाती घडत राहिली. पुढच्या काळात मोटारीच्या तुटलेल्या स्प्रिंगच्या पाट्याचे पोलाद लोहारांना मिळू लागले. ते जुन्या लोखंडापेक्षा सरसच आहे, फक्त फार तापवले तर त्याचा कस जातो.

पात्यावर खरा घाला पडला तो कायद्याचा. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला आणि पुढची कित्येक वर्षे भिल्लांशी झुंज चालू राहिली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिच्या शिपायाच्या हाती कामठ्याऐवजी बंदूक आली. त्याच समाजातले दुसरे लोक १८५८ मध्ये भीमा नाईक आणि खाज्या नाईक यांच्यामागे उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत बाणांच्या समोर इंग्रजी फौजेच्या बंदुका होत्या आणि लढाईनंतर पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घातल्या गेल्या. वीस वर्षांनी, १८७८ चा शस्त्रकायदा आला. त्याच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंक्तीत धनुष्यबाणही नाव घेऊन बसवलेले आहेत. बांबूच्या कामठ्याला तोफेच्या यादीत स्थान देणारे सरकार त्याला किती ओळखून होते हे त्यावरून कळते.

पुण्यात या कायद्याचे परिणाम धार लावणाऱ्यांवर झाले. शिकलगार हे शस्त्रे घासून, उजळून देणारे कारागीर. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून केलेली चाकासारखी सराण दोरीने फिरवत ते पात्याला धार देत. तलवारी घरांतून नाहीशा झाल्या तसे ते सुऱ्या, कात्र्या आणि अडकित्त्यांकडे वळले. तो काळच धगधगता होता. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार पेठेतला पेशव्यांचा बुधवारवाडा जळून खाक झाला, त्याच वर्षी इंग्रजांविरुद्ध वासुदेव बळवंत फडके यांचे बंड चालू होते. पेठेत दसऱ्याला शस्त्रांची पूजा तेव्हाही होत होती. पुढे तिथे सुरी, विळी, पोळपाटाजवळचे उलथने अशी घरातली हत्यारे मांडली जाऊ लागली.

पाती गोळा करून त्यांचा अभ्यास करण्याची परंपरा मात्र याच परिसरात उगवली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी बुधवार पेठेला लागून असलेल्या विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले, १८६८ मध्ये ते येरवड्याच्या इमारतीत गेले आणि १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून नव्याने उभे राहिले. ह. धी. सांकलिया यांनी तेथे पुरातत्त्वाची शाखा रुजवली. इनामगावच्या दगडी पात्यांपासून नैकुंडच्या भट्टीपर्यंतची माहिती बहुतांशी या संस्थेच्या आणि तिच्याशी जोडलेल्या अभ्यासकांच्या कष्टातून हाती आली आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत पुन्हा धनुष्यबाण घेतला, सापळे, जाळी आणि विषाबरोबर. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. त्यामुळे शिकारीच्या पात्याला आता देशात कायदेशीर उपयोग उरलेला नाही. सातपुड्यातल्या होळीत, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात आणि मोर्च्यांत कामठा-तीर खांद्यावर दिसतात, पण ते ओळख म्हणून. मैदानातल्या तिरंदाजीत टोक गोल, निमुळते, सूचीमुखाच्या जातीचे असते. त्याला धार नसते, कारण त्याला फक्त लक्ष्याच्या फळीत रुतायचे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारातली वैयक्तिक विजेतेपदे जिंकली ती असल्याच टोकांनी. ओजसच्या नागपूरपासून महूरझरीची दगडी वर्तुळे काही मैलांवरच आहेत.